रविवारी बिघडणाऱ्या गाड्या

रविवार, ७ जानेवारी १९५१

मांजरं! अख्ख्या पापडी गावातली मांजरं आज आमच्या गाडीखाली! मी खराटा घेऊन धावले तर पळाली, वळून बघते तर परत हजर.

हा सगळा शत्रुघ्नभाऊंच्या सल्ल्याचा प्रताप. अर्नाळ्याचे मासळीचे व्यापारी, गाडीही मासळीच्याच धंद्यावर घेतलेली. मागच्या रविवारी म्हणाले, "दादा, खारा वारा पत्रा खातो. खालून मोरी माशाचा तेल चोपडा. आमी होडीला तेच लावतो, लाकूड कुजत नाय." आमच्या माणसाला एवढं पुरे. काल दुपारभर गाडीखाली उताणे पडून तेल चोपडत होते. आज चर्चमध्ये मिस्साला त्या वासामुळे आमच्या बाकावर आम्ही दोघंच! फादरांनीसुद्धा धूपदान जरा जास्तच हलवलं असं मला वाटलं.

मिस्सानंतर नेहमीप्रमाणे यांचे तिघे गाडीवाले दोस्त आमच्या अंगणात. निर्मळचा मार्सेल, केळीवाला, म्हणाला रॉकेलने पुसा. चिंचोटीचे काशीराम, लाकडाचे व्यापारी, म्हणाले राख चोळा. शत्रुघ्नभाऊ म्हणाले राहू द्या, मांजरं काय पत्रा खात नाहीत. अर्धा तास याच्यावर वाद! फणसाखाली चार पुरुष, चार गाड्या, आणि मी आत चहा करते आहे. वसईत गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, पण सल्ले देणाऱ्यांची जत्रा.

शेवटी सगळे ऑगस्टीनकडे बघतात. ते सांगतील ते खरं. वीस वर्षं मुंबईच्या मोटार वर्कशॉपात काढली आहेत माझ्या नवऱ्याने. (इथे नाव लिहिते. तोंडाने अजून घेतलेलं नाही!)

बुधवार, १० जानेवारी

आज यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला.   बशीतला चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "बशीतलाच बरा लागतो."

नाताळाआधी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं ते मी कुठे लिहिलं नव्हतं. लिहिलं की खरं होईल असं वाटत होतं. आज लिहिते. डोळ्यांमागची नस वाळत चालली आहे. ऑपरेशनाने भागणार नाही. अजून उजेड दिसतो, माणूस आला एवढं कळतं, चेहरा कळत नाही. पुढे तेही जाईल.

परत येताना हे सगळ्यांना सांगत होते, चष्मा बदलायला गेलो होतो. घरीही तसंच. "आज धुकं फार आहे." भर दुपारी!

गाडी चालवणं सोडलं. कारण काय, तर पेट्रोल महाग झालंय. पण रोज सकाळी जाऊन सुरू मात्र करतात. बॉनेटवर हात ठेवून ऐकत उभे राहतात. मी स्वयंपाकघरातून बघते. तेवढा वेळ चूल विझली तरी चालते मला.

रविवार, १४ जानेवारी

काशीरामांच्या गाडीतून वाफ! अंगणात आली ती किटलीसारखी शिट्टी मारतच.

यांनी गार होऊ दिली, झाकण काढलं, आतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "काशीराम, पाणी कुठलं भरता?" काशीराम म्हणाले, वाटेत जी विहीर लागेल तिचं. "खाडीकडच्या विहिरीचं भरलंत. खारं आहे. आत खपली धरली असणार."

मग म्हणे व्हिनेगर पाहिजे! माझी ताडीच्या व्हिनेगरची बरणी, वर्षभराचं मुरवलेलं! लोणचं कशात घालू? पण बरणी आणून दिली. अर्धी गेली रेडिएटरच्या घशात. मग घाण निघाली ती बघवेना. काशीराम तोंडात बोट घालून बघत होते.

पण यांचा चेहरा! बाह्या वर, कोपरापर्यंत काळे, आणि हसतायत. रात्री जेवायला बसले तेव्हा दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. जाऊ दे बरणी.

रविवार, २१ जानेवारी

आज शत्रुघ्नभाऊंची गाडी ढकलत आणली. म्हणे फाटकाजवळ बंद पडली. यांनी बॉनेट उघडलं, बोटांनी चाचपत गेले. मधली जाड तार निसटली होती. "अहो, ही सुटली की इंजिनाला ठिणगीच नाही. घट्ट बसवत जा."

"दादा, तुमी नसता तर आमी काय केला असता!" शत्रुघ्नभाऊ एवढ्या मोठ्याने म्हणाले की फणसावरचे कावळे उडाले.

मार्सेलची गाडी लंगडत आली. तिचीही एका प्लगची तार सैल.

रविवार, २८ जानेवारी

परत तेच. शत्रुघ्नभाऊंची मधली, मार्सेलची कडेची. काशीरामांच्या गाडीला पेट्रोलच पोचेना. अर्नाळ्याचा रस्ता एवढा खराब आहे का?

हे खूष आहेत. सोमवारी, मंगळवारी त्याचंच बोलणं. गुरुवारपासून रविवारची वाट बघतात.

रविवार, ४ फेब्रुवारी

टाक दाबून दाबून लिहितेय. रागाने.

मिस्सानंतर इझाबेलमावशीला भेटून मागच्या वाटेने येत होते. केळीच्या बागेजवळ गाडीचा आवाज आला. छान, गुळगुळीत आवाज. शत्रुघ्नभाऊ. गाडी थांबवली, खाली उतरले, इकडेतिकडे बघितलं, बॉनेट उघडलं, तार उपटली. मग धोतर खोचलं आणि गाडीला खांदा लावला! चांगली चालती गाडी हा माणूस घामाघूम होऊन ढकलतोय!

मी समोर जाऊन उभी राहिले. "हे काय चाललंय?"

आधी त्यांनी गाडीवरचा खांदा काढला. मग म्हणाले, "वयनी, रागावू नका. दादाचा तोंड पाह्यलं नाय का तुमी रविवारी? डोळ्यांचा ऐकून मुंबईवरनं आले तवापासून सुकलेले. काशीरामची गाडी तापली त्या दिवशी हसले. मग मी मार्सेलला सांगितलं. मार्सेलने काशीरामला. कोनाला सांगू नका."

म्हणजे तिघेही! आणि डोळ्यांचंही त्या तिघांना ठाऊक. कधी कळलं, कोण जाणे.

मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याच्या हातात खुळखुळा दिलात होय? लहान मूल आहे का ते?" अजून बरंच बोलले. ते मान खाली घालून उभे होते, हात काळे, कपाळावर घाम. मग गाडी ढकलतच घेऊन आले, कारण तार बसवली असती तर यांच्यापुढे दुरुस्तीला काय ठेवणार!

अंगणात हे हसतहसत म्हणाले, "परत तीच तार? शत्रुघ्न, ही तार तुझ्यावर रुसलीये." मी चहाची भांडी आपटली.

बुधवार, ७ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, ईस्टरआधीचे उपास सुरू. कपाळावर राख घेतली. फादर म्हणाले, चाळीस दिवस नुसतं मटण सोडून भागणार नाही, मनातलं काहीतरी सोडा.

मी ठरवलं. माझ्या अंगणात ईस्टरपर्यंत खोटं नाही, मुद्दाम बिघडवलेली गाडी नाही.

मार्सेल राख घेऊन बाहेर पडत होता, त्याला तिथेच गाठलं. "आग्नेसबाय, हे खोटं थोडंच, ही तर दया..." म्हणाला. मी म्हणाले, दया फादरांना विचारून करायची असते.  बाकी दोघांना त्यानेच सांगावं म्हटलं. संध्याकाळी शत्रुघ्नभाऊ स्वतः आले, फाटकाबाहेरूनच हळू आवाजात, "वयनी, मी तर हिंदू! मला कसला उपास?"

"माझ्या अंगणात चहा पिता ना? मग तुम्हालाही!"

मनाला बरं वाटलं. यांचं हसू असल्या फसवणुकीवर चालायला नको. माझा नवरा कोणाच्या कीव करण्यावर जगणार नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

तिन्ही गाड्या कशा सुरेख आल्या! हे फडकं खांद्यावर टाकून फणसाखाली उभेच होते.

"काय म्हणते गाडी?"
"बरी हाय, दादा."
"मार्सेल, तुझी?"
"बरी आहे."
"काशीराम?"
"आता चांगलं पाणी भरतो, मिस्त्री. काही तक्रार नाही."

 मार्सेल टायरात हवा किती भरावी यावर बोलला, ते त्याला गेल्या वर्षी यांनीच सांगितलं होतं. चहा गार होण्याआधी तिघेही उठले. शत्रुघ्नभाऊ माझ्याकडे बघत नव्हते.

हे बराच वेळ तिथेच उभे होते. मग फडक्याची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

रविवार, १८ फेब्रुवारी

आजही काही नाही. दुपारी झोपायला गेले ते दिवेलागणीला उठले.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

या आठवड्यात एकदाही गाडी सुरू केली नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी

आज यांनी पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, सगळं गोणपाटात गुंडाळलं. प्रत्येकावर हात फिरवून. मला म्हणाले, "मार्सेलला देऊन टाक. हाताळणारा तो आहे. इथे गंजून जाईल."

मी म्हणाले, घाई काय आहे.

"घाई नाही गं. पण आता गाड्याच चांगल्या निघायला लागल्या." आणि हसले. असं हसले की मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

तिघांनी यायचं होतं, आले दोघंच. काशीरामांचा निरोप, काम आहे. त्यांना तरी काय म्हणू? मी नियम घातला आहे.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

दुपारी डोकं दाबत बसले होते यांचं. केस किती पांढरे झालेत, आज नीट बघितलं. म्हणाले, "आग्नेस, तुझ्या हाताला कांद्याचा वास येतो." कांदा चिरलाच नव्हता. मी रडत होते आणि यांनी मला कारण दिलं.

उपास मी धरला आणि उपाशी राहिले ते!

शत्रुघ्नभाऊ धोतर खोचून चालती गाडी ढकलत होते, त्याला मी खोटं म्हटलं. एवढा घाम कोण गाळतं कोणासाठी? मला भाऊ नाही. असता तर त्याने हेच केलं असतं. पण आता त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने जाऊ? कपाळावर राख लावून हुकूम सोडलाय मी. फादरांना विचारायचीही सोय नाही. ते म्हणतील, खोटं ते खोटं.

म्हणू देत.

शनिवार, ३ मार्च

हे आत दाढी करत होते. आरशाशिवाय करतात आता. मी लुगडं खोचलं आणि गाडीपाशी गेले. बॉनेट उघडायलाच किती वेळ गेला! आत सगळं एकसारखंच काळं. कुठली तार कसली, कोणाला ठाऊक? एक काढली. मग वाटलं, एकीने चालूनही गेली तर? दुसरी काढली. मग तिसरी. मग चौथी. बाजूला दडवून ठेवल्या. हात काळे झाले ते राखेने घासून धुतले, नखांत राहिलंच.

मग घरात जाऊन म्हणाले, "अहो, उद्या मला निर्मळला जायचंय, मार्सेल सोडतो म्हणाला आपल्या गाडीतून. जरा सुरू होते का बघता? किती दिवस उभी आहे."

"मार्सेल बघेल."

"मार्सेलला काय कळतंय!"

थोड्या वेळाने माळ्यावरून गोणपाट काढल्याचा आवाज आला. मी खिडकीशी उभी राहून देवाजवळ माफी मागितली, आणि लगेच, गाडी सुरू होऊ नये म्हणून प्रार्थनाही केली.

आता बॉनेट उघडलंय. चाचपतायत. थांबले. परत चाचपतायत.

आले. नंतर लिहिते.

रविवार, ४ मार्च

काल दारात उभे राहिले, हात काळे, डोळे मिटलेले, आणि एवढे हसत होते की दाराची चौकट धरावी लागली. "अगं वेडे, शत्रुघ्न मधली काढतो. मार्सेल कडेची. काशीराम पेट्रोलची चावी बंद करतो आणि मग स्वतःच विसरतो. चारही कोणी काढतं का? एक पुरते!"

 मग जवळ येऊन, अगदी हळू, "त्यांना सांगू नकोस मला कळतं म्हणून. बिचारे रविवारी येण्यासाठी किती कष्ट घेतात."

आज मिस्साहून येताना केळीच्या बागेजवळ शत्रुघ्नभाऊ चालत्या गाडीत भेटले. मी म्हणाले, भाऊ, ढकला.