मंगळवार-शुक्रवारची मॅडम

प्रिय धाकटे,

मोबाईलवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं, म्हणून शेवटी कागद घेतलाय. आधीच सांगते, हे वाचून तू माझ्यावर भडकणार आहेस. खुशाल भडक, पण शेवटपर्यंत वाच. आईला कायमची माझ्याकडे पाठव, असं तू म्हणालीस त्याला महिना होत आला. तू उत्तराची वाट बघतेयस आणि मनातून माझ्यावर रुसलीयस, हे मला कळतं. त्याआधी थोडं माझं ऐकून घे.

आईला शिकवायचं तुझ्या डोक्यात आलं, तेव्हा मीच तुझी टर उडवली होती. चौथीत शाळा सुटलेली, तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी उपसलेली बाई. सत्तरीला टेकल्यावर तिला जगाच्या घडामोडी आणि साहित्य आणि संस्कृतीचा इतिहास कशाला हवाय? चार दिवसांत कंटाळेल म्हटलं, तर दोन वर्षं झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेतीनपासूनच तिची लगबग सुरू होते. तोंड धुणार, केस विंचरणार, साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवणार. आणि पडद्यावर तू दिसलीस की स्वतःच्या पोटच्या पोरीला म्हणणार, "नमस्कार मॅडम." तू मॅडम, आणि मी "अगं ए, तो पंखा कमी कर."

त्या तासाला मी शेजारच्या खोलीत कवळ्या करत बसलेली असते. घासायचं मशीन बंद ठेवते, ऐकू यावं म्हणून. काम तुंबतं, दातांच्या डॉक्टरांचे फोन येतात, पण मला उठवत नाही. तू आधी एखादी ताजी बातमी घेतेस, मग तिच्या मागचा जुना इतिहास उकरतेस आणि शेवटी एखादी गोष्ट नाहीतर कविता वाचतेस. एकदा एका गोष्टीतली म्हातारी शेवटी दार उघडते की नाही, यावर तुम्ही दोघी पाऊण तास भांडलात. आई म्हणत होती, उघडणारच, कारण तिने दोन कप काढून ठेवलेत. मला तर कपांचं लक्षातही आलं नव्हतं. आई केवढ्याने हसली तेव्हा! तिच्या तोंडातली कवळी मी केलेली, आणि ती सगळी दाखवून हसते ती तुझ्याकडे बघून. माझ्यासमोर तिचं तोंड उघडतं ते गोळी गिळायला.

हेवा वाटतो म्हणणं फार सभ्य झालं. मी जळते तुझ्यावर. तिच्या डोळ्यांत थेंब घालते ती मी, नखं कापते मी, दवाखान्यात दोन-दोन तास ताटकळते मी. आणि तुझ्या वाट्याला येते ती केस विंचरलेली, हुशार, हजरजबाबी आई. ती बाई माझ्या घरात राहते, पण माझी तिच्याशी नीट ओळखही नाही.

आता खरं सांगते. गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चार दिवस मोबाईल बघू नका म्हटलं होतं. तुला मी महिना सांगितला. आईला सांगितलं की धाकटीच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा आहेत, तिला मान वर करायला फुरसत नाही. तुझे फोन आले तेव्हा ती कधी झोपलेली असायची, कधी आंघोळीला गेलेली. एवढं खोटं मी कधीच बोलले नव्हते.

आणि मग मीच मॅडम व्हायला निघाले. मंगळवारी चार वाजता पेपर घेऊन तिच्यासमोर बसले. कुठल्याशा संग्रहालयाने शंभर वर्षांपूर्वी नेलेली एक घंटा मूळ गावाला परत केली, ती बातमी मी विजेचं बिल वाचावं तशी वाचली. आईने विचारलं, घंटा नेली तेव्हा गावातले लोक काय करत होते? मी म्हटलं, मला काय माहीत, मी होते का तिथे? ती म्हणाली, "बरं, पुढे वाच." शुक्रवारी गोष्ट काढली, तर अर्ध्यावर कवळीच्या साच्याचं प्लास्टर सुकलं का बघायला मी उठले. परत आले तर म्हणाली, "तू दमलीस, राहू दे." इतक्या मायेने म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर चार वाजले की ती एकटीच वही घेऊन बसते. ती आंघोळीला गेली असताना मी वही उघडली. वर लिहिलंय, "मॅडम विचारतील," आणि खाली तिचं उत्तर. पानंच्या पानं. तुझ्या वाटचे प्रश्नही तीच काढते. मी माझं नाव शोधत सुटले. एका पानावर सापडलं. "मोठी फार राबते. तिला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत." बस, दोन ओळी. संताप आला, मग लाज वाटली, आणि मग पुन्हा संतापच आला.

तेही गिळलं असतं मी. पण काल जेवताना तिने विचारलं, माझा निरोप धाकटीला दिलास ना? मग ती काहीच कशी बोलली नाही? आणि ताटात बघत म्हणाली, "तिलाच आता मी नको असेन. शिकवून शिकवून म्हातारीला किती शिकवणार?" धाकटे, तू विचारलंस ते मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं होतं, आणि तिने उत्तरही दिलं होतं. एका क्षणाचाही विचार न करता ती हो म्हणाली आणि तुला कळवायला मला सांगितलं. मी कळवलं नाही. ती माझ्यावर चिडली असती तर मी सोसलं असतं, पण आपण कोणाला नकोशा झालोय असं तिला वाटतंय, आणि ते मी केलंय. आज तिला सगळं सांगितलं. ती उठली आणि कपाटातले कपडे काढायला लागली. शनिवारी दुपारी ये आणि तिला घेऊन जा. मी घरीच असेन, मुद्दाम कुठे जाणार नाही. फक्त निघालात की लगेच निघा, दारात उभ्या राहून दोघी बोलत बसू नका. तेवढं मला बघवायचं नाही.

तुझीच,
ताई