शिफारस माझी, शब्दही माझेच

३ फेब्रुवारी
नॉर्वेतील एका विद्यापीठात पोस्टडॉकची एकच जागा निघाली आहे. विषय किनाऱ्यावरील गाळ. माझी पीएच.डी. मुरुडच्या खाजणातील, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतील, गाळावरच असल्याने जाहिरात मला समोर बसवून लिहिल्यासारखी वाटते. निवड न झाल्यास दीपेशच्या किहीममधील कॉटेजचे बुकिंग सांभाळायचे, असे कबूल केले आहे. धाकट्या भावाचे मन राखायला.

५ फेब्रुवारी
गाईड राऊत सरांकडे शिफारसपत्र मागितले. तूच लिहून आण, मी पाठवतो, म्हणाले. ते सर्वांनाच असे सांगतात. माझ्या बाबतीत मात्र त्यांना स्वतःच्या भाषेची मर्यादा जाणवली असावी.

९ फेब्रुवारी
'उत्कृष्ट' हा शब्द उथळ. 'असाधारण' अधिक अचूक. विश्वासार्हतेसाठी एखादा दोषही नमूद करावा, पण सापडत नाही.

१० फेब्रुवारी
आईला विचारले. ती कोलंबी सोलत होती. येकच हवा व्हय, असे म्हणून तिने सुरुवात केली. कोलंबी संपली तरी थांबेना. उपयुक्त काही नाही.

१६ फेब्रुवारी
सरांचा फोन. मृणालीही त्याच जागेसाठी अर्ज करते आहे, तिचेही पत्र लिही, तुझे इंग्रजी बरे आहे. बरे. मृणाली मला ज्युनिअर. आलेखांच्या अक्षांवर एककेसुद्धा लिहीत नाही. मुरुड स्टँडवर एसटी येईपर्यंत मोबाइलवर लिहून टाकले. चिखलात पडली तर हसते, पण नमुन्याची पिशवी सोडत नाही, ती असली की खाजणात जायचा कंटाळा येत नाही, वगैरे. पुन्हा वाचलेही नाही. एक स्पर्धक कमी.

२६ फेब्रुवारी
माझे पत्र पूर्ण. अकरा पाने, तळटीपांसह. दोषही सापडला: 'या उमेदवाराची पातळी सहकाऱ्यांना क्वचित झेपत नाही.' सरांनी न वाचताच पाठवले. विश्वास याला म्हणतात.

१० एप्रिल
मृणालीची निवड. नारळाच्या वड्या घेऊन आली. दादा, मुलाखतीत त्यांनी सरांचं पत्र वाचून दाखवलं, मला रडूच आलं, सर कधी तोंडावर बोलले नाहीत हो असं, म्हणाली. मी वडी खाल्ली. माझ्या पत्रावरून समितीने सरांना विचारले म्हणे, हा तुमच्याकडे काम करत होता की तुम्ही त्याच्याकडे? काटेकोरपणे पाहता निवड माझ्याच लेखनाची झाली आहे. हे फक्त घरी सांगितले.

१४ एप्रिल
दीपेशने बुकिंगचा मोबाइल हाती दिला. पुण्याचे एक कुटुंब विचारते, खोलीतून समुद्र दिसतो का. भरती-ओहोटी विचारात न घेता उत्तर देणे अशास्त्रीय. तिसरा मसुदा चालू असताना त्यांनी दुसरीकडे बुकिंग केले. दीपेश म्हणाला, डॉक्टर, त्या मृणालीचं लिहिलंस तसं लिही की.
संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर मोबाइल घेऊन उभा राहिलो. बस आली, गेली. काही सुचले नाही.