झालर लावलेली झोळी

बाबा, मोजमाप घेताना तुम्ही बाईला आधी उभं करायचात आणि मग म्हणायचात, "आता वाक वो माय." बोरी अरबच्या बाजाराच्या दिवशी दुकानासमोर कमरेला बांधायची झोळी शिवून घ्यायला कापूस वेचणाऱ्या बायांची रांग असायची. टेपचं एक टोक तिच्याच हातात देऊन तुम्ही वाकलेल्या कमरेपासून जमिनीपर्यंतचं अंतर बघायचात. बाया हसायच्या. "टेलरभाऊ, झोळी शिवता का कवायत घेता?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "उभ्यानं कापूस कोण वेचते?"

मी नववीत होते. मावशीची झोळी तुम्ही मला शिवायला दिली. सख्खी मावशी नव्हे, दरवर्षी दोन झोळ्या नेणारी ती आपल्या गल्लीतली मावशी. मी मन लावून शिवली, कडेला लाल झालर लावली आणि वर चेन असलेला खिसाही दिला. चौथ्या दिवशी ती झोळी घेऊन परत आली. झालर कापसाच्या पऱ्हाटीत अडकून फाटली होती आणि चेनीत कापूस गच्च बसला होता. तुम्ही विचारलंत, "बाईनं काय मांगतलं होतं?"

"झोळी."

"मंग हे झालर कोनासाठी?"

"चांगली दिसते म्हणून."

"कोनाले दिसते? ते त वाकून असते." आणि तिच्यासमोर तुम्ही मला ती सगळी उसवायला लावलीत. मी रडत उसवत होते. मावशी म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, लेकरू हाये." तुम्ही म्हणालात, "लेकरू हाये म्हनूनच."

कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही तोच टेप माझ्या पिशवीत टाकलात. मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. घरातली पहिली पदवी तुम्ही पाहिली नाहीत. मला पुण्यात नोकरी लागली, तीही कापूसवाल्या शेतकऱ्यांसाठी मोबाइलवरचं अॅप बनवणाऱ्या कंपनीत. बोंडअळीनं बोंडं पोखरलेली ती वर्षं. जो तो जे औषध मिळेल ते फवारत होता. मला वाटलं, आपलं शिक्षण नेमकं याच कामासाठी झालं.

माझं काम होतं लोकांना काय हवं ते विचारून यायचं. मी कार्यालयात बसून विचारलं नाही, बाबा. फवारणीच्या दिवशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिले. मावशीचा नवरा लोकांच्या शेतात रोजानं फवारायचा. त्याचे हात औषधानं ओले, तोंडाला दुपट्टा. मावशी लेकीनं दिलेला फोन पदरात धरून उभी. दोघांनाही वाचता येत नाही, आणि डब्यावरची अक्षरं तर मलाही डोळ्यांजवळ नेऊन वाचावी लागली. मी विचारलं, "मावशी, फोननं तुमच्यासाठी काय करावं?"

ती म्हणाली, "काही नको वं बाई. या डब्याचा फोटू काढला का त्यानं बोलून सांगावं, हे त्याच्यात मिसळू का नको. बस."

तुमच्या शब्दांत सांगायचं तर मी तिला वाकवून माप घेतलं होतं. ते माप मी कामांच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं: औषधाचा फोटो काढला की बोलून सांगणारं बटण. आमचे साहेब म्हणाले, "छान आहे, पण हे दाखवताना दिसत नाही." पैसे लावणारी माणसं येणार होती. त्यांना बाजारभावाचा आलेख हवा होता, हवामान हवं होतं, शेताच्या फोटोंची स्पर्धा हवी होती. मी दोनदा भांडले. दुसऱ्यांदा साहेब हसून म्हणाले, "तू फारच गावाकडची आहेस." सगळे हसले. मीही हसले.

स्पर्धेचं पान मी आखलं. फोटो टाकला की पडद्यावर बोंडं फुटायची, पांढरा कापूस उडायचा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या आवडल्या, बाबा.

त्याच हंगामात मावशीच्या नवऱ्यानं दोन औषधं एकत्र केली. शेतातच पडला. यवतमाळच्या दवाखान्यात बरेच दिवस होता. वाचला. आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो आणि तरीही सांडतो. त्या सकाळी मावशीनं फोनवर आमचं अॅप उघडून डब्याचा फोटो टाकला होता. बोलून सांगणारं बटण सापडलं नाही. बोंडं मात्र फुटली, असं तिनं मला अगदी साधेपणानं सांगितलं.

मी पुण्यात परत जाऊन हे सांगितल्यावर साहेब गंभीर झाले आणि म्हणाले, "घे ते बटण यादीत वर." बटण करायला आम्हाला चार दिवस लागले. चार दिवस, बाबा. आलेखाला महिना गेला होता.

मागच्या आठवड्यात मी मावशीकडे गेले होते. नवरा भिंतीला टेकून बसला होता. तिनं मला पाट दिला आणि स्वतःच माझी बाजू घेतली. "तुनं त सांगतलंच असन वं. पन मोठ्या लोकायपुढं पोरीचं कोन आयकते? टेलरभाऊची लेक हायेस तू, मले ठाऊक नाही का."

तिला जे ठाऊक नाही, ते तुम्हाला सांगते. पाहुणे येण्याआधीच्या शेवटच्या बैठकीत साहेबांनी यादी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "यातलं एक मागे ठेवावं लागेल. कोणतं?" कोणी दबाव आणला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. बोलणाऱ्या बटणावर रेघ मी ओढली, माझ्या हातानं. स्पर्धेचं पान माझं होतं, ते मला ठेवायचं होतं.

हे पत्र मी टेपच्या गुंडाळीत खोचून ठेवते आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी कदाचित पाठवलं नसतं. तुम्ही असता तर मला तिच्यासमोर बसवून उसवायला लावलं असतं. मावशी म्हणाली, "पोरीचं कोन आयकते," तेव्हा मी होकारार्थी मान डोलावली. मग तिनं चहा दिला आणि मी तो पूर्ण प्याले.