ओल्या लुगड्यातली तपासणी

॥ श्री ॥
बोईसर, ता. १२ फेब्रुवारी १९६७

ती. सौ. अक्कास,
सुगंधाचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. आंघोळीच्या पाण्यात टाकायचा निगडीचा पाला वाळला तरी वास तसाच उग्र आहे. न्हाणीत शिरलं की वाटतं, तू मागे उभी राहून ओरडते आहेस. दिवाळीत सांगून गेलीस तशी रोज कढत पाण्याची आंघोळ आणि वर शेक चालू आहे. पण खरं सांगू? त्या आंघोळीनंतर पाय जागचे हलत नाहीत. ह्यांना हात धरून बाहेर काढावं लागतं. हे म्हणतात, दुखणं बाहेर पडतंय. पडू दे बापडं, पण मला आत पाडून कशाला?

पाम गावच्या शाळेत मात्र शिकवायला जाते. डाव्या पायाला मुंग्या, मधूनच फळ्यावरची अक्षरं धूसर, हे चालूच आहे. परवा पहिलीच्या वर्गात पडले. मुलांना वाटलं, बाईंनी खेळ काढला, तीही धपाधप पडली. हेडमास्तर कमलाकांत गुरुजींना काही हसू आलं नाही. त्यांनी वर कळवलं. आता मे महिन्यात ठाण्याला सर्जनसाहेबांपुढे उभं राहायचं. त्यांनी नापास केलं की नोकरी संपली. शेजारच्या गोजराबाईंच्या मते हा सगळा त्या अणूचा प्रताप. मी म्हटलं, बाई, आमचे हे त्याच अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर आहेत, भट्टी अजून पेटायची आहे. न आलेल्या अणूला कशाला बोल लावता?

पुढच्या आठवड्यात मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नसांच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. मला वाईला नेऊन ठेवायचा विषय मात्र काढू नकोस. ती. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो रागासकट राहू दे.

तुझी,
सुगंधा

॥ श्री ॥
वाई, ता. २० फेब्रुवारी १९६७

चि. सौ. सुगंधा हिस,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

विषय काढू नकोस म्हणजे? तुला मी कडेवर वाढवली आणि आता तू मला गप्प बसवतेस होय? तुझ्या खंडेरावांचं पत्र आलं. कामावर गेलं की दिवसभर जीव टांगणीला लागतो, असं लिहितात. माणूस रडकुंडीला आलाय गं. आमचं दोघांचं ठरलंय, मेच्या सुट्टीत ते तुला इथे आणून सोडतील. मागची खोली सारवून ठेवली आहे. तू नुसती पलंगावर बस, तुझं सगळं मी करते. नोकरीचा हट्ट पुरे झाला.

आंघोळीनंतर पाय उचलत नाहीत म्हणजे पाणी पुरतं कढत नसणार. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घे. गार पाण्याला बोट लावशील तर अंगावरून वारं जाईल, सांगून ठेवते. गल्लीत सगळ्यांना तू येणार म्हणून कळवून ठेवलंय, तेव्हा माझी फजिती करू नकोस. जेवत जा.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥
बोईसर, ता. ५ मार्च १९६७

ती. सौ. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

मुंबईला जाऊन आलो. पायांना टाचण्या टोचल्या, डोळ्यांत बत्ती मारली, कण्यातून पाणी काढलं. शेवटी गरम पाण्याच्या टबात बसवलं. थेट तुझीच आंघोळ, फक्त निगडी नव्हती. थोड्या वेळात डोळ्यांपुढे धुकं आलं आणि पायांचं लाकूड झालं. मी म्हटलं, हे तर माझं रोजच होतं. डॉक्टर चमकले. एवढं गरम पाणी कोण देतं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझी बहीण.

रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. वायरीवरचं रबर झिजावं तसं नसांवरचं आवरण जागोजागी झिजतं, आणि अंग तापलं की डोक्याचा हुकूम पायांपर्यंत पोचत नाही. ह्यांना वायरीचं बरोबर समजलं. परतताना गाडीत खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

यावर औषध नाही. येईल, ओसरेल, पुन्हा येईल. तपासणीला मधूनमधून जात राहायचं. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या गार पाण्यानं न्हाले आणि न्हाणीतून एकटी चालत बाहेर आले. अक्का, मी उंबऱ्यात बसून रडले. तुझ्यावर राग नाही, तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. पण तुझ्या पलंगावर मी येऊन बसणार नाही. ह्यांच्याशी भांडून झालं, अबोलाही धरून झाला. आता ते म्हणतात, ठाण्याला पास झालीस तर मी पुन्हा वाईचं बोलणार नाही, नापास झालीस तर वाई. मी कबूल केलंय. उत्तर लवकर धाड, शिव्या असल्या तरी चालतील.

तुझी,
सुगंधा

॥ श्री ॥
बोईसर, ता. १८ मे १९६७

ती. सौ. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. रागावली असशील. असू दे, हे वाच.

काल ठाण्याला गेलो. भर दुपार, वर तापलेले पत्रे, आणि नंबर काही येईना. बसल्या जागी पाय जायला लागले, समोरच्या दाराची दोन दारं दिसू लागली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की मनातल्या मनात ह्यांनी वाईची गाडी धरली. अस्सा संताप आला! भिंत धरत मागच्या नळापाशी गेले, नळ सोडला आणि लुगड्यासकट त्याखाली बसले. शिपाई धावत आला, बाई, हे काय भलतंच. म्हटलं, तू तुझी बिडी ओढ.

हाक आली तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं. काठी टेकत आत गेले. साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार. मी सगळं सांगितलं, रोगाच्या नावासकट. हे मागून पदर ओढत होते, तरी काही झाकलं नाही. साहेबांनी चालवून पाहिलं, वाचून घेतलं, डोळे मिटून उभं केलं. डोळे मिटल्यावर डोलले, ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. म्हणाले, वर्गात पडलात तर?

मी म्हटलं, "पडले तर उठेन. पहिलीची मुलं रोज पडतात, साहेब. त्यांना कोणी शाळेतून काढत नाही."

साहेबांनी कागद पुढे ओढला. मग लिहिलं, खुर्चीवर बसून शिकवावे, उन्हाळ्यात सकाळची शाळा द्यावी, वर्षानं पुन्हा तपासणी. फक्त एक वर्ष दिलं. पुढच्या वैशाखात पाय कसे असतील, देव जाणे. डावा डोळा आत्ताच धड नाही, म्हणून अक्षर वाकडं आलंय, तसंच वाचून घे. पण हे वर्ष माझं आहे. शाळेत पाणी भरणाऱ्या नवसीला सांगितलं तर ती म्हणते, "बाय, तुमी नाय आल्या तं पोरा पन नाय येत. बरा झाला." ह्यांनी शब्द पाळलाय, वाईचं नाव काढत नाहीत. मी येईन ती दिवाळीत, पाहुणी म्हणून. करंज्या कर. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
सुगंधा

॥ श्री ॥
वाई, ता. ८ जून १९६७

चि. सौ. सुगंधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावले नव्हते गं. लिहायला बसलं की तुझी ती न्हाणी डोळ्यांपुढे यायची आणि हात चालायचा नाही. तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं. नळाखालचं मी पुन्हा वाचायला लावलं. हे हसले, मला हसू आलं नाही, मग आलं. वर्षानंतर काय, ही भीती माझ्या पोटात आहेच, आणि ती राहणार. थोरली आहे मी. करंज्या करीन.

काल गल्लीतल्या बायका आल्या होत्या. विचारत होत्या, सुगंधा कधी येतेय, आता तिचं उठणंबसणं तुलाच बघावं लागणार ना? मी म्हटलं, ती नाही येत. तिला सवड नाही. सोमवारी तिची शाळा उघडते.

तुझी,
अक्का