वेडनेसडे शिकवणाऱ्या सरांना

सर, काल भंडाऱ्याच्या एका मेडिकल दुकानात माझ्या पुढे उभा असलेला माणूस दुकानदाराकडे रिसीप्ट मागत होता. त्यातला प त्याने ओठ मिटून, चांगला ऐकू येईल असा म्हटला. मी मागून म्हणाले, "रिसीट म्हणतात. प म्हणायचा नसतो." त्याने वळून पाहिलं. त्याच्या हातात औषधांची मोठी पिशवी होती, घरात कुणीतरी बरंच आजारी असावं. "बरं जी मॅडम," एवढं म्हणून तो पावती न घेताच निघून गेला. घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं तर तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "तू माणसाचं ऐकतेस का त्याची जीभ तपासतेस?"

माझे कान बिघडले आहेत, सर. इंग्रजी शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवून मला हेच मिळालं. नळ दुरुस्त करायला येणारा स्वतःला प्लम्बर म्हणवतो आणि मी मनातल्या मनात त्याचा ब खोडत बसते, नळ कुठे गळतो हे सांगायचं राहून जातं. बँकेतली मुलगी "वेडनेसडेला या" म्हणाली की माझी दाढ ठणकते. आमच्या मुख्याध्यापिका दर मीटिंगमध्ये मुलांचं प्रोनाउन्सिएशन सुधारा म्हणून सांगतात, आणि नेमका तोच शब्द चुकीचा म्हणतात, मग त्या मीटिंगमध्ये पुढे काय ठरलं ते मला आठवत नाही. शेजारच्या वहिनी आधी गप्पा मारायला यायच्या. एकदा त्या त्यांच्या कम्फर-टेबल सोफ्याबद्दल सांगत होत्या आणि मी मध्येच बोलले. आता त्या फाटकातूनच हसतात. "तुह्या आईसमोर तं तोंड उघडाची भीती वाटते," असं त्या माझ्या मुलीला म्हणाल्या. हे तुम्हाला सांगायला मला तोंड नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगणार?

दिघोरीपासून तीन कोसांवरच्या आपल्या शाळेत आमचा आठवीचा वर्ग आहे. खिडकीतून बोडीचं तळं दिसतं, पलीकडे धानाची रोवणी चाललेली. तुम्ही फळ्यावर एक एक शब्द लिहिता आणि त्यातल्या प्रत्येक अक्षरावर छडीचं टोक ठेवत आमच्याकडून म्हणवून घेता. वेड-नेस-डे. लिस-टेन. इस-लँड. क्नाइफ म्हणताना आमची जीभ अडखळते, वर्ग हसतो, तुम्ही पुन्हा म्हणायला लावता. तुम्ही इंग्रजी पुस्तकातूनच शिकला होतात. इंग्रजी बोलणारा माणूस तुम्ही त्या वयापर्यंत पाहिला तरी होता की नाही, कुणास ठाऊक. एकदा मीच विचारलं होतं, की सर, क आणि न एकत्र म्हणायला एवढं जड जातं, तर मग क सोडून दिला तर? तुम्ही खडू खाली ठेवलात.

"माह्या बापाचं नाव शाळेच्या हजेरीत होतं," तुम्ही म्हणालात. "पन त्याले बसवत होते बाहेर ओसरीत. मास्तर सगळ्याइची हजेरी घेये, माह्या बापाचं नाव आलं का पुढच्या नावावर जाये. आता मले सांग, हा क लिहिला आहे का नाही?"

"आहे सर."

"मंग त्याले हाक मारायची. सोडाचा नाही."

तुमच्या घराण्यानं छप्पन साली दीक्षा घेतली हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण ओसरीचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या घरांनी तुमच्या वडिलांना ओसरीत बसवलं असेल त्यात आमचंही घर असणार, हे मला फार उशिरा सुचलं.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तुम्ही मला घरी शिकवायला बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पांढऱ्या रंगाने इंग्रजी नावं लिहिली होती, आणि काकूंना एक अक्षर वाचता येत नसलं तरी कुठला डबा कुठला हे त्या त्या नावांनीच ओळखायच्या. भाजी चिरता चिरता मला म्हणायच्या, "पोरी, तो क्नाइफ आन जरा इकडं." त्यांनी दिलेली वांग्याची भाजी आणि भाकर मी पोटभर खाल्ली. घरी गेल्यावर आईने विचारलं, "तिथं काही खाल्लं तं नाही?" मी नाही म्हणाले. मी पास झाले तेव्हा तुम्ही मला शाईचा पेन दिलात, तुमच्याच खिशातला, टोपणावर तुमच्या दाताच्या खुणा असलेला. तुमच्यामुळे मी लाखांदूरला शिकले, मग भंडाऱ्याला, मग नागपूरला.

नागपूरला एका शाळेत मुलाखतीला गेले तेव्हा समोर तिघं बसले होते. त्यांनी एक उतारा मोठ्याने वाचायला दिला. मी तुमच्यासारखं वाचलं, एकही अक्षर न सोडता. दुसऱ्या ओळीलाच त्यातल्या बाईंनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं त्यांना खोकला आला. त्या म्हणाल्या, "तो शब्द पुन्हा वाच बरं." मी पुन्हा वाचला. "आणखी एकदा." तिसऱ्यांदा मी ‘वेडनेसडे’ म्हटलं तेव्हा शिपाईसुद्धा दारात हसत होता. मी बाहेर आले, जिना उतरले, आणि खालच्या पायरीवर बसून रडले. त्या दिवशी मला राग त्यांचा आला नाही. तुमचा आला.

मग मी कॅसेट ऐकल्या, बातम्या ऐकल्या, आरशासमोर ओठ वाकडे करून शब्द घोकले. कुठली अक्षरं म्हणायची नसतात त्यांची वही केली. जे ऐकायला मिळालं नाही ते नियम लावून ठरवलं. नोकरी लागली, भंडाऱ्याला घर झालं, आणि तुमच्या निवृत्तीच्या समारंभाचं बोलावणं आलं. इंग्रजीची शिक्षिका झालेली गावातली पहिली मुलगी म्हणून मला स्टेजवर खुर्ची होती.

तुम्ही नवा पांढरा शर्ट घातला होता. खिशातून घडी केलेला कागद काढून तुम्ही इंग्रजीत भाषण वाचलंत. हॉनरेबल ग्युएस्ट्स. आय अ‍ॅम अ हंबल टीचर. तालुक्याहून आलेले साहेब खाली बघून हसले. मागे बसलेली कॉलेजची पोरं एकमेकांना कोपर मारत होती. मला आठवीतली एक गोष्ट आठवायला हवी होती. वाचताना अडखळणाऱ्या एका मुलीला मी हसले होते, तेव्हा तुम्ही मला उभं करून अख्खा तास एकच पान वाचायला लावलं होतं, माझा घसा बसेपर्यंत. पण मला आठवला तो नागपूरचा जिना. माझं नाव पुकारलं, मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "सरांनी आम्हाला वेडनेसडे शिकवला. आठवड्यात वेन्झडे नावाचाही वार असतो, हे कळायला मला नागपूरला जावं लागलं."

सगळा मांडव हसला, सर. साहेब तर खुर्चीत मागे रेलून हसले. तुम्हीही हसलात. मी बघितलं, टाळी तुम्हीच आधी वाजवलीत.

जेवणं सुरू झाल्यावर तुम्ही ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसलात. वरण-भातात बोटं तशीच होती. "बेटा, तू मंघानी माइकवर म्हटलं, ते कसं म्हनतेत?"

"वेन्झडे, सर."

"अन ड?"

"म्हणत नाहीत."

"लिहितेत, पन म्हनत नाहीत," तुम्ही स्वतःशीच म्हणालात. मग हात धुऊन आलात, तो भाषणाचा कागद मांडीवर पसरलात आणि पेन काढलात. एकेका शब्दावर बोट ठेवून विचारत गेलात, मी सांगत गेले. ऑनरेबल. गेस्ट. मला मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू. तुमचं बोट ‘हंबल’वर आलं. मी त्याच झोकात म्हणाले, "अंबल. इथंही ह म्हणत नाहीत." तुम्ही त्या अक्षरावर बारीक फुली मारलीत.

"मंग एवढी वर्सं मी पोट्ट्याइले काय शिकवून राहिलो होतो?"

मी तुमची समजूत घालायला म्हणाले, "जाऊ द्या सर. ती मुलं कुठं इंग्रजी बोलणार आहेत?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कागदाची घडी घातलीत आणि वाढप्यांना बुंदी कुठवर आली ते बघायला उठलात. आपलं बोलणं तिथंच संपलं. दोन वर्षं व्हायच्या आत तुम्ही गेलात. त्याला आता सोळा वर्षं होत आली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी धडा वाचताना ‘हंबल’ म्हणाली. मी तिला थांबवलं. "अंबल." ती चाचरत म्हणाली, "मॅडम, फोनमध्ये तर हंबलच म्हणते." मी तिला खाली बसवलं. घरी येऊन फोनवर तो शब्द लावला. बाईच्या आवाजात, मग पुरुषाच्या आवाजात, पाच-सहा वेळा. हंबल. ह स्पष्ट. जाड शब्दकोश काढला, तिथंही तेच. मला ते कुणीच शिकवलं नव्हतं, ऑनरच्या नियमाने मीच ओढूनताणून बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो धडा सोडून पुढचा घेतला. त्या मुलीला काहीच सांगितलं नाही.

आणि मग मागच्या वर्षी मी मोहाडीला गेले. सासरच्या जमिनीच्या फेरफाराचं काम होतं, तहसील कार्यालयात. खिडकीतल्या बाबूने कागदावरचं माझं माहेरचं गाव वाचलं आणि मान वर केली. तो माझ्या दोन वर्ग मागे होता, तुमचाच विद्यार्थी. त्याने मला आत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला आणि तुमचा विषय काढला.

"सर इथं आले होते ना, मॅडम. रिटायर झाल्यावर. एसटीनं, एवढ्या दुरून. खिडकीवर ही गर्दी. सर रांगेत उभे. मी म्हटलं, सर, काय काम काढलं जी? तं म्हनते, तुह्यापाशीच काम आहे. मी तुले काही शब्द चुकीचे शिकवलो, ते बरोबर करून घे."

मी चहाचा कप टेबलावर ठेवला.

"त्याइच्यापाशी यादी होती," तो सांगत होता. "आमच्या सगळ्या बॅचाइची नावं. कोन कुठी राहते, लिहून. ज्याले सांगून झालं त्याच्या नावापुढं खूण. वरठीले कारखान्यात माहा चुलतभाऊ आहे, त्याच्याकडंही गेले होते. गेटवर उभे राहिले शिफ्ट सुटेपावतर. हे मोटरसायकली सुटल्या, हे गर्दी, अन सर हात दाखवून त्याले थांबवून राहिले. मागून हॉर्न. भाऊ घाबरला, म्हने घरी कोनाचं काही झालं का काय. तं सर म्हनते, वेन्झडे म्हनत जा बाबा, ड नाही म्हनत." तो हसला आणि मग हसणं थांबवलं. "भावाले तं काही समजलंच नाही. तो वेल्डर आहे, त्याले कायले लागते? मी सरले म्हटलं, सर, मले तं हे शब्दच आठवत नाहीत, तुम्ही काहून तरास घेता? तं म्हनते, नाही आठवत तं नसू दे. पन उद्या तोंडात आला अन कोनी हासलं तं?"

किती जणांकडे गेला होतात, सर? मी विचारलं नाही. तो म्हणाला की यादी अर्धीसुद्धा झाली नसेल, मग तुमचे पाय सुजायला लागले.

निघताना तो मला कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. "तुमचे उपकार आहेत मॅडम. सर सांगत होते, हे सगळं त्या पोरीनं शिकवलं मले. मोठं नाव घेत होते तुमचं. माही पोरगी आता कॉन्व्हेंटले आहे. मी तिले बसवून सांगतलं, ह कुठी म्हनत नाहीत ते. ऑनर, अवर, अंबल. बरोबर आहे ना जी?"

औषधाच्या दुकानात अनोळखी माणसाला टोकणारी मी, सर. "बरोबर आहे," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. त्याची मुलगी आता कुठल्या तरी वर्गात उभी राहून तो शब्द वाचत असेल. मोहाडीला परत जाऊन त्याला सांगता येईल, तासाभराचा रस्ता नाही. वर्ष झालं, मी गेलेले नाही. आणि गेले तरी बाकीच्यांचं काय? यादी तुमच्यापाशी होती.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? काकू अजून त्या घरात असतात. त्यांना वाचता येत नाही, त्या शेजारच्या कुणाला तरी बोलावून मोठ्याने वाचायला लावतील आणि शेवटपर्यंत ऐकतील. ते मला सोसणार नाही. म्हणून हे इथंच ठेवते.

एक राहिलं. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, तेव्हा काकूंनी मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. अंगात ताप आहे, असा निरोप मी पाठवला. ताप नव्हता. पांढरी साडी नेसून, पर्स खांद्याला अडकवून मी बसस्टँडपर्यंत आले होते. लाखांदूरची गाडी लागली, भरली, कंडक्टरने दोनदा माझ्याकडे बघून "येता का बाई?" विचारलं. मी मान हलवून नाही म्हणाले.