क्षमावाणीचं कार्ड आणि दादाची दोन नाकं

२ सप्टेंबर १९७३, कारंजा
आज पर्युषण सुरू. आजच प्रेसमधल्या जुन्या ट्रेडलला मोटर बसवली. वीस वर्षं पायाने मारलेलं मशीन आता बटणावर! पहिलं काम घरचं. पूनमदादासाठी क्षमावाणीचं, म्हणजे पर्युषण संपल्यावर माफी मागायच्या दिवसाचं, कार्ड. वर फोटोचा ब्लॉक, लाकडावर ठोकलेला जस्ताचा ठसा, खास अकोल्याहून करून आणलाय; खाली ‘तुझा शिखर’. दादा तरुण, मी शाळकरी, माझ्या खांद्यावर त्याचा हात. सात वर्षं आम्ही बोलत नाही. आई गेली तेव्हा तो परगावी होता; मीच त्याला उशिरा कळवलं, आणि तो उशिरा आला म्हणून चारचौघांत बोललोही मीच. यंदा माफी मागायची. ठरलं म्हणजे ठरलं.

४ सप्टेंबर
फोटो घासून येतो. दादाला दोन नाकं, मला एकही नाही. शाई जास्त झाली असेल. किरकोळ बाब.

५ सप्टेंबर, सकाळी १०
शाई कमी केली. आता दादाला दाढी.

७ सप्टेंबर
शाईचे रूळ धुतले. पॅकिंगचे कागद बदलले. अक्षरं मोत्यासारखी, फोटो तसाच. आमचा मशीनमन रामधन म्हणतो, मालक, मोटर लय जोरात पळून राह्यली, काढा तिले, मी पायानं मारतो. नव्या वस्तूवर विश्वासच नाही या माणसाचा.

९ सप्टेंबर
बायको सांगत होती, दादाला फार दम लागतो. घर प्रेसच्या समोर तर हाय, कार्ड कायले पाह्यजे, दोन शब्द तोंडानं बोला, म्हणाली. अंगुरीला छपाईतलं काय कळतं? रिकाम्या हाताने जाणं शोभत नाही. भीती वगैरे काही नाही.

१३ सप्टेंबर, क्षमावाणी
सगळे एकमेकांच्या दारात हात जोडून. मी प्रेसमध्ये. वीज दोन तास गेली, त्याला मी काय करणार? दादा ओट्यावर खुर्चीत बसला होता. शेजारी एक रिकामी खुर्ची. दोनदा इकडे बघितलं त्याने. उद्या नक्की.

१४ सप्टेंबर
नाक एक, पण कान तीन. प्रगती आहे. ती खुर्ची आजही बाहेर होती.

१६ सप्टेंबर, संध्याकाळी ५
हरलो. मोटरचा पट्टा काढला. रामधनने पायाने मारलं आणि दुसऱ्याच छाप्याला दादा स्वच्छ, डोळ्यांतल्या हसण्यासकट. मला रडू आलं. आत्ताच जाणार होतो, पण शाई ओली आहे, हात लागला तर डाग पडेल. सकाळी देतो.

१७ सप्टेंबर
दादा पहाटे गेला.
धापूभाभी म्हणाली, क्षमावाणीपासून रोज ते दुसरी खुर्ची मांडाले लावत. शिखर येईन आज, म्हणत.

दुपारी
शोकपत्रिका छापायची. दादाचा दुसरा फोटो नाही. रामधनने हळूच विचारलं, मालक, हाच ब्लॉक घेऊ का? तुमाले कापा लागीन. मी मान डोलावली. त्याने करवतीने मला वेगळं केलं. दादाचा हात माझ्या तुकड्यावर राहिला. तो तुकडा खिशात आहे.
पहिल्याच छाप्याला फोटो स्वच्छ आला. पाहा मालक, मोटरचाच दोष होता, रामधन म्हणाला. मी हो म्हटलं.