चिंच फोडायची शर्यत

आई, यंदा चैत्रात घरात पुन्हा चिंच फोडली. तुझ्या त्या कोपरखैरण्याच्या एका खोलीत नाही. सीवूड्सला, माझ्या मुलाच्या घरी, हॉलमधल्या पांढऱ्या फरशीवर. नातीची परीक्षा संपली होती आणि वसंतात मुलांबरोबर घरी काय काय करावं ते सूनबाईने मोबाईलवर वाचून ठेवलं होतं. कुंडीत मेथी पेरा, पळसाच्या फुलांचा रंग करा, पानांचे ठसे काढा. मेथी उगवली, ठसे कागदाऐवजी भिंतीवर उमटले, तशी ती मला म्हणाली, "आई, तुम्ही लहानपणी सुट्टीत घरी काय मजा करायचात? तीच ॲक्टिव्हिटी करू." मजा. मी म्हटलं, चिंच फोडायचो. तिने टाळीच वाजवली.

होळी झाली की तू बाजारातून नव्या चिंचेचं पोतं आणायचीस. मसालेवाल्याला चिंच साफ करून द्यायची, ते काम होतं. पण तू त्याला कधी काम म्हणाली नाहीस. शर्यत म्हणायचीस. जमिनीवर जुने पेपर पसरायचीस, ताईला एक टोपलं, मला एक. मोगरीने टरफल फोडायचं, शिरा ओढायच्या, गर उसवून चिंचोका बाहेर काढायचा. दोन दिवसांत बोटांची टोकं सोलून निघायची, जेवताना आमटीत हात घातला की डोळ्यांत पाणी. आम्ही हात झटकले की तू म्हणायचीस, "रडकीचं टोपलं कधी भरत न्हाई." आणि जिचं आधी भरेल तिचा हात धरून दारात न्यायचीस, शेजारणीला हाक मारायचीस, "बघा की वो, पोरीचा हात हाय का मशीन! शाबास!" वर्षभरात तो शब्द तुझ्या तोंडून तेवढाच ऐकायला मिळायचा.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. एरवी आमची बरोबरी व्हायची. मी पाचवीत होते त्या वर्षी मात्र ताईचं टोपलं भरेचना. एकच चिंच हातात धरून ती खिडकीबाहेर बघत बसायची, चिंचोके फ्रॉकला घासून चकचकीत करायची. तू तिच्या पाठीत धपाटे घालायचीस, तरी ती ढिम्म. मी रोज जिंकत होते. एकदा धीर करून विचारलं, "आई, जिंकल्यावर काय मिळणार?" तू म्हणालीस, "जूनमधी सांगते."

जून आला. ताईचा शाळेचा नवा फ्रॉक आला. मी विचारते, माझा? तू स्टोव्हला पंप मारत असतेस, मान वर करत नाहीस. "तुझे हात चालत्यात. घरात एक तरी कामाची पाहिजे. हिला काय येतंय? जाऊ दे हिला शाळेत."

"पण जिंकले मी ना?"

"म्हणूनच तर," तू म्हणालीस.

माझ्या पुढच्या सगळ्या इयत्ता चिंचेखालच्या पेपरांवर झाल्या. डागाखाली अर्धी बातमी जायची, ती मी मनाने पुरी करायचे. लग्नानंतर ह्यांनी लायब्ररीत माझं नाव घातलं. हे गेल्यावरही मी जाते. पुस्तक संपलं की ते कसं होतं हे सांगायला घरात कोणी नसतं, एवढाच फरक. ताई कचेरीत लागली, खांदेश्वरला स्वतःचं घर घेतलं. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा ती रविवारी मोसंबी घेऊन यायची. तुला कुशीवर वळवणारे, पुसणारे, भरवणारे हात माझे होते, चालणारे. आणि भेटायला आलेल्या बायकांना तू सांगायचीस, "थोरलीनं नाव काढलं." मी तेव्हा तुझ्या पाठीखालची चादर ओढत असायचे. जरा जोरात ओढायचे. तू कण्हायचीस, मी ऐकलं नाही असं दाखवायचे.

तर परवा सूनबाईने ताईलाही बोलावलं. नातीने ताईला, मला आणि स्वतःला एकेक डबा वाटला आणि ओरडली, "रेडी, स्टेडी, गो!" इतक्या वर्षांनी बोटं आपोआप चालली. माझा डबा आधी भरला आणि मी मान वर करून दाराकडे बघितलं. दारात कोण असणार?

ताईच्या डब्याचा तळ दिसत होता. नात म्हणाली, "ताईआजी, तू किती स्लो आहेस गं!"

ताई हसली. "मी लहानपणी एकदा मुद्दाम स्लो झाले होते."

"मुद्दाम कोण हरतं?"

"मी. आई बाबांना सांगत होती, जिचा हात चालेल तिला घरी ठेवू, दुसरीला शाळेत. मी पांघरुणातून ऐकलं. मग काय, धपाटे खाल्ले, पण चिंच काही सोलली नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला माहीत होतं ना? मला वाटलं, तुलाही नंतर कळलं असेल."

"काय डोकं चाललं हो मावशी तुमचं!" सूनबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. नातीने माझा भरलेला डबा उचलून सगळ्यांना दाखवला. "म्हणजे आजी जिंकली, आजी घरी! मी हरले, मी शाळेत!" आणि टाळ्या पिटल्या.

ताईवर मी रागावणार नाही. तेरा वर्षांची पोर, सुटली. तिने सुटायचं म्हणजे मी अडकायचं, हे गणित तिने मांडलं नव्हतं. ते तू मांडलंस. दोन पोरी एका पेपरावर समोरासमोर बसवल्यास, जिला खड्ड्यात घालायचं तिच्याचकडून खड्डा खणून घेतलास आणि वर दारात नेऊन तिचं कौतुक केलंस. परिस्थिती होती, असं लोक म्हणतात. परिस्थितीने एकीला घरी बसवलं असेल. शाबास म्हणायला तिने तुला सांगितलं नव्हतं. तू गेलीस तेव्हा मी रडले, अजूनही रडते, पण त्याने हे पुसलं जात नाही.

उरलेली चिंच मी माझ्या घरी आणली आहे. उद्या फोडीन, तेव्हा हे तुला लिहिलेले कागद तिच्याखाली पसरीन. तुझ्याकडे कुठल्या पत्त्यावर धाडायचे? एक मात्र सांगते. ताईने तेव्हाच माझ्या कानात सगळं सांगितलं असतं, तरी मी हात हळू केला नसता. शाळा मला हवी होती. पण तू माझा हात धरून दारात न्यायचीस, ते त्याहून जास्त हवं होतं.